ओसाकाच्या देवीचा खण

ओसाकाला मी गेलो कंपनीच्या खर्चानं, पण शहर बघितलं स्वतःच्या खर्चानं, म्हणजे जवळजवळ फुकट. तीन आठवडे मशीन शिकण्यात गेले. शेवटचा रविवार तेवढा मोकळा मिळाला आणि सोमवारी सकाळी परतीचं विमान होतं.

पाठीवरच्या पिशवीत एक हिरवा खण होता, त्यात हळकुंड आणि सुपारी. माझे आईबाप दर हंगामाला ऊस तोडायला जातात. टोळी नव्या मुलखात उतरली की आमच्यातल्या बायका आधी तिथल्या देवीची ओटी भरतात, मगच फडात कोयता लागतो. मायच्या लेखी ओसाका हाही एक फडच होता. नारळ विमानात नेऊ देत नाहीत म्हणालो, तर तिनं त्याच्या जागी सुपारी बांधून दिली.

"पण तिथं देवी हाय का?" मी तिला चिडवलं.

"देवी कुठं नसती? हुडकली की घावती."

आणि पहिल्याच आठवड्यात घावली. कंपनीतल्या एका जपानी माणसानं सांगितलं, शहरातल्या अमुक देवळात हातात वाद्य घेतलेली देवी आहे आणि ती मूळची तुमच्याकडचीच. म्हणजे आपली सरस्वती, मी मनात म्हणालो. देवळात जायला तिकीट नाही, हेही लगेच विचारून घेतलं.

रविवारी सकाळी निघालो. बीडला कोचिंगला होतो तेव्हा रिक्षा टाळून स्टँडपासून खोलीपर्यंत पायी जायचो, तीच खोड ओसाकात कामाला आली. मेट्रोच्या पायऱ्या दिसल्या की मी दुसऱ्या बाजूला बघायचो. दुपारचं जेवण म्हणजे काळ्या शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा, तोही किल्ल्याच्या खंदकाच्या कडेला बसून. आत जायला तिकीट होतं, म्हणून तो चारी बाजूंनी बाहेरून बघितला. आत काही विशेष नसणार, अशी स्वतःची समजूतही घातली. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. बाजारात चवीला ठेवलेलं लोणचं तीन दुकानांत खाल्लं. तिसऱ्या दुकानातली बाई इतकी वाकून नमस्कार करायला लागली की मला पळ काढावा लागला. एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर फुकट सोडतात असं कळलं, तिथं तासभर काचेला नाक लावून उभा होतो. खरंच सांगतो, लई मजा आली.

देऊळ मी संध्याकाळवर ठेवलं होतं. आमच्याकडं देवळात जायचं ते दिवेलागणीला. दिवसभर माणूस रानात असतो, देवही जणू त्याची वाट बघत दार उघडं ठेवतो. जपानी देव साडेचारला दार लावून घेतात, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मी पाचला पोचलो. भलंमोठं लाकडी दार बंद, बाजूला खराटा घेऊन एक म्हातारा झाडणारा. त्यानं दाराकडं बोट दाखवलं, मग दोन्ही हातांची फुली केली आणि माफी मागितल्यासारखा वाकला.

तरी काही बिघडलं नव्हतं. देऊळ बंद असलं तर आमच्या बायका उंबऱ्यावर ओटी भरतात, हात जोडतात आणि चालायला लागतात. ते मी लहानपणापासून बघत आलोय. मी खण बाहेर काढला, वाकलोसुद्धा. पण त्या दगडावर पाचोळ्याचं एक पान नव्हतं आणि म्हातारा माझ्याकडंच बघत होता. हा माणूस कचरा टाकतोय, असं त्याला वाटलं तर? वाकल्यावाकल्या मी बुटाची नाडी बांधली आणि खण परत पिशवीत कोंबला. नाडी सुटलेली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. आमच्याकडं दुपार होती, टोळी कडा गावाजवळच्या फडात जेवायला बसली होती. बाप बोलत होता.

"वटी भरली का रं? तुझ्या मायनं नवस केलाय. वटी भरल्याबिगर पायात चप्पल घालायची न्हाई म्हणती. तू गेल्यापसून अनवाणी हाय."

उसाच्या तोडलेल्या धसकटांत अनवाणी. तीन आठवडे. आणि मी पहिल्याच आठवड्यात देवीचा पत्ता काढून ठेवला होता.

"भरली," मी म्हणालो. "आत्ताच भरली."

पलीकडं बाप ओरडला, "भरली गं, घाल चप्पल!" मला तिचं हसू ऐकू आलं. मी दाराकडं पाठ करून चालायला लागलो. वाटेत एका पुलावर लोक फोटो काढत होते. मला तिथं क्षणभरही थांबवेना.

परत आल्यावर गावी न जाता मी थेट फडावरच गेलो. मायच्या टाचेला फडकं गुंडाळलेलं होतं आणि पायात चप्पल होती. तिनं विचारलं, "कशी हाय रं देवी?" मी न बघितलेल्या देवीचं वर्णन केलं: शांत चेहरा, हातात वाद्य, मोठे डोळे. तिनं हात जोडले. मग तिला काहीतरी काढून द्यावं म्हणून मी पिशवीत हात घातला, तर आधी खणच वर आला. लपवायला वेळ मिळाला नाही.

"देवीनं परत दिला," मी म्हणालो. "प्रसाद म्हणून."

तिनं तो कपाळाला लावला. हंगाम संपल्यावर त्याची चोळी शिवली, आता लग्नाकार्यात तीच घालते. कुणी विचारलं की सांगते, जपानच्या देवीची हाय. असल्या लग्नांत माझं जेवणावर लक्ष नसतं. खरं सांगायचं दोनदा ठरवलं, पण प्रत्येक वेळी तिच्या टाचेवरचा पांढरा व्रण दिसला आणि जीभ उचलली नाही. ज्या नवसापायी तो व्रण पडला, तो मी फेडलाच नाही, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

यंदा कंपनी मला पुन्हा ओसाकाला पाठवतेय. मी मायला म्हणालो, "एक खण दे. या वेळी पोचल्या दिवशीच नेतो."

"कावून?" ती म्हणाली. "आता नवस न्हाई अन् काई न्हाई. ती वळखती की आपल्याला."