रोट संपेपर्यंत शिवी नाही

मला मोबाइलवर शिव्या घालणारा माणूस उपास पाळतो, हे आमच्या आईनं शोधून काढलं.

मी तेव्हा जळगावात अकरावीला होते आणि आठशे मीटर पळायचे. इन्स्टाग्रामवर 'शुभचिंतक' नावाचं एक खातं होतं, फोटोत लाल गुलाब. या शुभचिंतकाला माझं काही शुभ झालेलं मात्र बघवत नसे. 'उंटिणी, घरच्यांची अब्रू चड्डी घालून मैदानावर उधळतेस.' 'तुझ्यासारखीला कोण पदरात घेणार?' रोज दुपारी एक मेसेज, जेवणानंतरच्या गोळीसारखा. ब्लॉक केलं की दुसरं खातं उगवायचं, गुलाब तोच. दीड महिन्यावर धुळ्याची विभागीय स्पर्धा होती आणि शुभचिंतकाला मी तिथं जायला नको होते.

मी आईला दाखवलं. आईनं लग्नानंतर माहेरचं बरंच काही सोडलं, अहिराणी सोडली नाही. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं, तारखा पाहिल्या आणि म्हणाली, "एकादशीले काहीच नही. चतुर्थीलेबी नही. मानूस चांगला घरना दिखस." शिव्या खाणाऱ्या पोरीला आणखी काय दिलासा हवा!

मग मी नानांकडे गेले. नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे. 'मुलींना शिकू द्या, खेळू द्या' या विषयावर ते इतकी भाषणं द्यायचे आणि त्यांचे इतके सत्कार व्हायचे, की आमच्याकडे चटणीला नारळ कधी विकत आणावा लागला नाही. पहाटे साडेपाचला स्कूटरचा हॉर्न वाजवून ते मला मैदानावर न्यायचे. हातात लिंबूपाण्याची बाटली, आणि शेवटच्या फेरीला एकच आरोळी, "खांदे सैल सोड!" त्या आरोळीवर मी शेवटचे शंभर मीटर काढायचे. वडिलांपेक्षा माझा जीव या माणसावर जास्त होता.

नानांनी मेसेज वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "हे जवळच्याच कुणाचं काम. ती तुझी मैत्रीण बघ. जळत असेल."

ती मैत्रीण मारवाडी कापडदुकानदाराची मुलगी, सहावीपासून माझ्याच बाकावर. मी अकलेचे तारे तोडले. भर वर्गात तिला विचारलं, "तूच ना ती?" तिनं दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन रडत बसली.

त्याच आठवड्यात नानांचं आमच्या कॉलेजात 'सायबर सुरक्षा आणि संस्कार' यावर व्याख्यान झालं. शाल, नारळ, सगळं रीतसर. टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत. दुपारी शुभचिंतकानं लिहिलं, 'मैत्रीणही गेली. आता पळणं सोड.' आणि मी खरंच सोडायला निघाले होते. बूट धुऊन माळ्यावर टाकले. नानांना सांगितलं की धुळ्याला जाणार नाही. ते फार हळहळले.

मग श्रावणात कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते आणि तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, होतात. रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठीनं मोजून घेतात. बायकांची मूठ धरत नाहीत, थापायला मात्र बायकाच धरतात. रोट भाऊबंदांनीच खायचे, उरले तरी बाहेर द्यायचे नाहीत. आणि आमच्या घरचा एक नियम असा, की शेवटचा रोट संपेपर्यंत कुणी वाईट शब्द काढायचा नाही. गल्लीतल्या सगळ्यांचे रोट सोमवारी संपले. आमच्याकडे आईचा हात सढळ, त्यामुळे ते गुरुवारपर्यंत पुरले.

रविवारी शुभचिंतक गप्प होता. सोमवारी गप्प. मंगळवार, बुधवारही तसेच गेले. मला वाटलं, दमला असेल बिचारा.

गुरुवारी दुपारी आईनं शेवटचा रोट नानांच्या ताटात वाढला. त्यांनी तो दुधात कुस्करून खाल्ला, ढेकर दिली, "संपले एकदाचे," म्हणाले आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. मी त्यांचं ताट उचलते न उचलते तोच माझा फोन वाजला. 'उंटिणी, चार दिवस आराम झाला ना?'

ताट हातातच राहिलं. मैत्रिणीच्या घरी कानबाई बसत नाही. आमचे रोट कधी संपले हे तिला कुठून कळणार? ते ठाऊक होतं फक्त आमच्या घराला. मी ताट खाली ठेवलं, नानांसमोर जमिनीवर बसले आणि शुभचिंतकाला एकच शब्द पाठवला, 'नाना?'

झोपाळ्यावरचा फोन टिंग वाजला. त्यांनी तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तोंडावर नको म्हटलं असतं तर तुझं मन दुखावलं असतं," नाना म्हणाले. "आणि मी अशी भाषणं देणारा माणूस. तुला घरात अडवलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

यावर खरं तर हसायला हवं होतं. मी मोरीत जाऊन ओकले.

वडील म्हणाले, "झालं गेलं. मोठे आहेत, काळजीपोटी केलं." आई ताट घासत राहिली. बाहेर बोलायचं नाही असं ठरलं. रोटासारखंच, घरातलं घरात संपवायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला हॉर्न वाजला, लिंबूपाण्यासकट! मी माळ्यावरचे बूट काढले आणि स्कूटरच्या बाजूनं चालत मैदानावर गेले. दुपारी मैत्रिणीच्या दुकानात जाऊन तिच्या वडिलांसमोर आणि गिऱ्हाइकांसमोर माफी मागितली. आळ चारचौघांत घेतला होता, माफीही चारचौघांतच हवी. ती बराच वेळ साड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "धुळ्याला बस कितीची आहे?"

धुळ्यात मी तिसरी आले. शेवटच्या शंभर मीटरला माझे कान त्या आरोळीची वाट बघत होते. त्याचा मला आजही राग येतो, त्यांचा नाही, माझ्या कानांचा.

परतीच्या एसटीत पारोळ्याच्या अलीकडे फोन वाजायला लागला. घरच्या ग्रुपवर नानांनी माझा पदकाचा फोटो टाकला होता, त्याच चड्डीतला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या घराची शान! लेकींना पळू द्या.' आणि एक गुलाब. नातेवाईक तुटून पडले होते. 'नाना, ही तुमचीच मेहनत.' 'नाना, तुमच्यासारखे काका सर्वांना मिळोत.'

मी शुभचिंतकाचा पहिला मेसेज काढला आणि गुलाबासकट त्या फोटोखाली टाकला. 'उंटिणी, घरच्यांची अब्रू चड्डी घालून मैदानावर उधळतेस.' सुरतच्या एका काकांनी घाईघाईनं 'शुभ रात्री' टाकलं. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

मग ग्रुपवर आईचा आवाज आला. आईनं आजवर त्या ग्रुपवर काहीही पाठवलेलं नव्हतं. मी आणि मैत्रिणीनं फोन दोघींच्या कानांच्या मधोमध धरला.

"हाई कोनी लिखं ते मी सांगस. चांगला घरना मानूस शे. आपलाच घरना. वरला मजलावर ऱ्हास."