आवाजावरून ओळखलेली गाडी

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास माझा मेहुणा भाड्याने जीप चालवायचा. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, जीपला उसंत नव्हती. दुष्काळाने शेतात काही उरलं नव्हतं, त्यामुळे सगळं घर त्या जीपवरच चालायचं. तीच जीप देऊन बदल्यात नांदेडच्या एका वकिलांची स्पोर्ट्स कार आणायची, असं त्याने डोक्यात घेतलं. दोन माणसांची, उघड्या टपाची, लालभडक विलायती गाडी.

"वरातीला लावू, दाजी. नवरदेव घोड्याकडं बघणार बी न्हाईत!"

मी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला होतो. तेवढ्यावर सासरी सगळे मला इंजिनातला जाणकार समजायचे. बायकोने निघताना बजावलं, "तुम्ही हो म्हणल्याबिगर त्यानं जीपची किल्ली द्यायची न्हाई."

लोह्यावरून नांदेडला पोचलो. वकिलांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. बॉनेटला हात लावला तर गरम. ऊन होतंच, मी काही मनावर घेतलं नाही. खरं म्हणजे गाडी बघून मीही पाघळलो होतो. मेहुणा आत बसून एकसारखा ॲक्सिलेटर दाबत होता.

"काय म्हणतो आवाज, दाजी?"

मी डोळे मिटून मान डोलावली. मला काहीही कळलं नव्हतं. बॉनेटवर भरलेला पेला ठेवायचा, पाणी हिंदकळलं नाही तर इंजिन ठीक, एवढीच एक परीक्षा मला ऐकून माहीत होती. पाण्याचा पेला मागायला मी घराच्या मागच्या दाराशी गेलो. वकिलीणबाई रिकाम्या घागरी मांडून टँकरची वाट बघत उभ्या होत्या.

"पाणी तुम्हाला का तिला?"

"तिला."

"बाई गं! सकाळीच घागरभर पिली की. रोजचंच हाय. आमच्या आंघोळी बंद झाल्या, हिचं पिणं न्हाई. तुमच्यापुढं खोकू नये म्हणून ह्यांनी मघाच तापवून ठेवलीय. न्या भाऊ एकदाची, सवत हाय माझी!"

मी पेला न घेताच परतलो. रोजचं घागरभर पाणी जातं कुठं? गाडी बंद करायला सांगून इंजिनावरचं ऑईलचं झाकण उघडलं. आतून ताकासारखा पांढुरका फेस चिकटलेला. रेडिएटरचं पाणी ऑईलमध्ये उतरत होतं. इंजिन आतून गेलं होतं.

"कसं काय ओळखलं?" वकिलांचा चेहरा पडला होता.

बाईंचं सांगितलं असतं तर त्या घरात काय रामायण झालं असतं, कोण जाणे.

"आवाजावरून," मी म्हणालो.

इथवर मला काही गैर वाटत नाही. पण परतताना लोह्याच्या हॉटेलात मेहुणा "आमच्या दाजींचा कान!" म्हणून परक्या लोकांना सांगत सुटला, तेव्हा तरी त्याला बाजूला घेऊन खरं सांगायला हवं होतं. मी दुसरा चहा मागवला. पुढे किल्लारीपासून हदगावपर्यंत लोक मला इंजिनं ऐकायला नेऊ लागले. मी डोळे मिटायचो, मान डोलवायचो. मेहुण्याने माझ्याच मानेवर घेतलेला ट्रॅक्टर पहिल्या नांगरणीला बसला. दोष डिझेलला गेला.

परवा त्याला सगळं सांगून टाकलं. आता दोघांचेही दात गेलेले. तो पोट धरून हसला.

"म्हंजे माझी जीप वकिलीणबाईंनी वाचवली?"

"हाव."

"अन् ती गाडी?"

"तिचं काय?"

"आपण जीप घेऊन आलो. ती त्यांच्याच दारात ऱ्हायली की, दाजी!"

इतक्या वर्षांत हे माझ्या मनातच आलं नव्हतं. बाई न्या म्हणाल्या होत्या, आणि मी त्यांना येतोसुद्धा न म्हणता निघालो होतो.