तीन आठवड्यांचा पाहुणा

लॅबमध्ये त्याला सगळे दंतोपंत म्हणत. ही पदवी एका डॉक्टरांनी थट्टेत दिली आणि ती अशी चिकटली की खरं नाव फक्त पगारपत्रकावर आणि व्हिसाच्या अर्जावर उरलं. काम कवळ्या बनवण्याचं. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवणार, हा त्यात प्लॅस्टर ओतून जबडा काढणार, मेणात एकेक दात बसवणार, आणि आठवड्याभरात कुणा आजोबांना पुन्हा चावता येणार. बावीस वर्षं त्याने हेच केलं. माणूस समोर आला की तो आधी दात बघे, मग तोंड. बायको पहिल्यांदा भेटली तेव्हाही त्याने तेच केलं होतं. तिचा वरच्या ओळीतला एक दात किंचित वळलेला होता, आणि तेवढ्यावरच स्वारी खूश झाली होती.

बायको नर्स. सात वर्षांपूर्वी तिला परदेशातल्या एका इस्पितळात नोकरी लागली. "वर्षभरात तुलाही बोलावून घेते," असं सांगून ती गेली, आणि ते काही खोटं नव्हतं, तिला खरंच तसं वाटत होतं. तिने नवऱ्याच्या कायमच्या व्हिसाची फाइल लावली. फाइलला नंबर मिळाला आणि तो मिळाला तिथेच ठाण मांडून बसला. पहिली तीन वर्षं ती सुट्टीत येऊन जायची. मग तिचे स्वतःचे कागद नूतनीकरणाला गेले, आणि ते हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत घेणार नाही, असं तिला बजावण्यात आलं. ती नोकरी सोडून आली तर इतक्या वर्षांची फाइल पाण्यात. तो तिकडे जाईल म्हणावं तर व्हिसा नाही. इकडे आड, तिकडे विहीर. चार वर्षं दोघांचा संसार फोनवर चालला. नवराबायको एवढं बोलतात कुठे एरवी? पण बोलून काय होतं?

कारण वय काही फाइलमध्ये बसून राहत नाही. बायको एकोणचाळिसाव्या वर्षात होती. दोघांनाही मूल हवं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून स्वच्छ सांगितलं, की जे काय करायचं ते या वर्षात करा, पुढचा शब्द मी देणार नाही.

मग त्याने पाहुणा म्हणून जायचा व्हिसा मागितला. दोनदा नकार आला. कायमच्या व्हिसाची फाइल चालू आहे, बायको तिथेच आहे, म्हणजे तुम्ही परत जाणार नाही असं आम्हाला वाटतं, असं लेखी उत्तर. बायको तिथे आहे म्हणून जायचं, आणि बायको तिथे आहे म्हणूनच जायचं नाही, असा तो न्याय. तिसऱ्या वेळी त्याने आईच्या आजारपणाचे कागद जोडले, लॅबच्या मालकांचं पत्र जोडलं, परतीचं तिकीट जोडलं. आजारी आईला टाकून हा पळणार नाही, असं कुणाला तरी पटलं असावं. व्हिसा आला. तीन आठवड्यांचा.

त्या बातमीनंतरचे दिवस फार चांगले गेले. डॉक्टरीणबाईंनी तारखा मोजून दिल्या, त्याप्रमाणे तिकीट काढलं. बायकोने रजा टाकली, खोलीत मोठा पलंग आणला आणि फोनवरून दाखवला. दाखवताना लाजली. लग्नाला अकरा वर्षं झालेली बाई पलंग दाखवताना लाजते, यातच काय ते आलं.

ती एका बाईंच्या घरात भाड्याच्या खोलीत राहत होती. घरमालकीण तशी कडक, दोन माणसं एका खोलीत चालायची नाहीत तिला. पण तिच्या म्हाताऱ्या आईची कवळी मधोमध तडकली होती आणि तिथल्या दवाखान्यात तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती. म्हातारी दोन आठवडे नुसत्या पातळ खाण्यावर होती. ते ऐकून बायको म्हणाली, माझा नवरा कवळ्याच करतो, तो येतोय. घरमालकीण विरघळली. म्हणाली, राहू दे त्याला, त्याचं जास्तीचं भाडं मी घेत नाही. बायकोने लगेच मेसेज केला. 'अवजारं घेऊन ये. म्हातारीचं काम कर. शेजारच्या दोघींच्याही कवळ्या ढिल्या झाल्यात, बघशील ना?'

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई गं, मी तुला भेटायला येतोय, दात घासायला नाही. पण हा पडला दंतोपंत. तडकलेली कवळी कुठेतरी पडून आहे म्हटल्यावर याला चैन पडेना. त्याने मेण कापायच्या सुऱ्या घेतल्या, घासायचं छोटं मशिन घेतलं, हिरड्या बनवायच्या गुलाबी पावडरची बरणी घेतली, तयार नकली दातांच्या पट्ट्या घेतल्या. त्या पावडरीत मिसळायचा द्रव पेट घेणारा, तो विमानात चालत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो तेवढा घरी ठेवला, तिकडे विकत घेऊ म्हणाला. नियम पाळल्याचं समाधानही मिळालं.

आई बॅगेत डोकावून म्हणाली, "कामाला चाललायस की बायकोकडे?"

"अगं, एका म्हातारीला खाता येत नाहीये."

"खाईल ती. तू त्या तीन आठवड्यांत लोकांच्या तोंडात हात घालत बसू नकोस."

तिकडच्या विमानतळावर काउंटरवरच्या अधिकाऱ्याला बाकी सगळं ठीक वाटलं. मग बॅग उघडली गेली. स्टीलच्या टेबलावर सुऱ्या मांडल्या, मशिन मांडलं, पावडरची बरणी प्रयोगशाळेत धाडली आणि दातांच्या पट्ट्या रांगेत ठेवल्या. अधिकारी दात खात झोपणारा असणार, त्याच्या सुळ्यांची टोकं घासून सपाट झाली होती. दंतोपंताला वाटलं, याला रात्री लावायची पट्टी बनवून द्यायला हवी.

त्याला एका खोलीत नेलं. टेबलावर फोन ठेवला आणि त्यातून एक दुभाषी बाई मराठीत बोलू लागल्या. चौदा तासांनी मराठी कानावर पडली म्हणून तो मनापासून हसला. त्याला एकच गोष्ट पक्की पढवलेली होती, खोटं बोलायचं नाही. तो नाही बोलला.

"ही अवजारं कशासाठी आणलीत, असं साहेब विचारतायत."

"घरमालकीणबाईंच्या आईची कवळी दुरुस्त करायला."

"म्हणजे आपण इथे काम करणार होतात?"

"काम म्हणजे तसं काम नाही हो. मदत."

"आपण आपल्या देशात हेच काम करता?"

"बावीस वर्षं."

"याचे पैसे घेणार होतात का?"

"छे, एक पैसा नाही."

"मग राहण्याचं भाडं किती देणार होतात?"

"त्या बाई माझं भाडं घेणार नव्हत्या."

दुभाषी बाईंनी ते वाक्य पलीकडे नेलं. अधिकाऱ्याने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, राहण्याच्या मोबदल्यात काम. त्याच्या फोनमधला बायकोचा मेसेजही वाचून झाला, शेजारच्या दोघींसकट. म्हणजे गिऱ्हाइकं आधीच ठरलेली. पाहुण्याच्या व्हिसावर धंदा करायला आलेला माणूस. दंतोपंत समजावू लागला, पण प्रत्येक खरं वाक्य त्याच्याच अंगावर येत होतं.

"बाई," तो शेवटी फोनला म्हणाला, "त्यांना सांगा, अवजारं ठेवून घ्या. फेकून द्या. मला फक्त बायकोला भेटायचंय. आमच्याकडे दिवस फार कमी आहेत."

बाईंनी ते सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "साहेब म्हणतात, त्यांना वाईट वाटतं." आणि मग, हलक्या आवाजात, "मलाही वाटतं, दादा. पण मला मध्ये बोलता येत नाही."

बायको बाहेरच्या दालनात सकाळपासून उभी होती. त्याच्या खोलीपासून तिथपर्यंत फार तर शंभर पावलं असतील. त्याला दहा मिनिटं फोन करू दिला. ती म्हणाली, "काचेतून तरी दाखवतील का तुला?" त्याने साहेबांना विचारलं. नाही म्हणाले. उरलेली मिनिटं ती रडत होती आणि तो "अगं, ऐक ना" एवढंच म्हणत होता. संध्याकाळच्या विमानात त्याला बसवलं.

घरी आल्यावर आईने काही विचारलं नाही, हे तिचे उपकार. लॅबमध्ये चार दिवस लोक जपून बोलले, मग त्यांचंही नेहमीचं बोलणं सुरू झालं. तो काम करत राहिला, पण मेणात दात बसवताना हात चुकू लागला. दोन कवळ्या परत आल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तारखा आल्या आणि गेल्या. त्या दिवसांत दोघांनी फोन केला नाही. दोघांनाही धीर झाला नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी बायकोचा फोन आला. तिच्या पत्त्यावर व्हिसा कार्यालयाचं पत्र आलं होतं.

"वाचते," ती म्हणाली. "तुमच्या कायमच्या व्हिसाचा क्रमांक लागला आहे. मुलाखतीसाठी..." ती थांबली.

तारीख लिहून घ्यायला त्याने पेन उचललं. "वाच ना पुढे."

"पुढे दुसरा परिच्छेद आहे. दरम्यान अर्जदाराला प्रवेश नाकारल्याची नोंद झाल्यामुळे ही फाइल पाच वर्षं विचारात घेतली जाणार नाही."

दोन महिने. तो घरी गप बसला असता, व्हिसा तिसऱ्यांदा मागितलाच नसता, आईचं ऐकून बॅग हलकी ठेवली असती, तर आज हे पत्र पहिल्या परिच्छेदावर संपलं असतं. पाच वर्षांनी ती चव्वेचाळीस. हा हिशेब दोघांनी मनातच केला.

फोन कट झाला की काय म्हणून त्याने हॅलो म्हटलं.

"आहे मी," ती म्हणाली. "घरमालकीणबाईंना मी सांगायलाच नको होतं, की माझा नवरा कवळ्या करतो."

"अगं, तू त्या म्हातारीच्या चांगल्यासाठी सांगितलंस."

"नाही रे. म्हातारीचं माझ्या डोक्यातही नव्हतं. इथे सगळ्या जणी नवऱ्यांबद्दल बोलत असतात. मी कौतुकानं सांगितलं."