झेंडूची माळ आणि नवा सूट

वायुगळतीच्या प्रशिक्षणासाठी संरक्षक सूट निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण सुदुंबऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी मीच. विक्रेत्याने कँटीनच्या टेबलावर सूट पसरले, साडीच्या दुकानात पसरतात तसे. सरावापुरता साधा चालेल, दिसायला अगदी खऱ्यासारखाच असतो, असं तो म्हणाला. मी फटकन म्हटलं, "सरावात खोटा घालायचा, मग खऱ्या गळतीत काय करायचं?" साहेबांशी भांडून मी डोक्यापासून बुटांपर्यंत एकसंध, हवाबंद सूट घ्यायला लावला. पुढचे काही दिवस मी तोऱ्यातच होते.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्याची पूजा होते. नवा सूट हँगरला टांगून मी स्वतः त्याला हळदकुंकवाचं बोट लावलं. झेंडूची माळ सारखी घसरत होती, म्हणून छातीपाशी दोन सेफ्टी पिना लावल्या. वर फोटोही काढला.

प्रशिक्षण लोणावळ्याबाहेरच्या मैदानावर होतं. तिथल्या बंद खोलीत थोडा अमोनिया खरोखर सोडतात. आमच्यातर्फे आत जाणार होते आमच्या कारखान्यातले जुने कामगार, आंदर मावळातले भाऊ. वयाने माझ्याहून मोठे, पण मी हातात देईन ते निमूट अंगावर चढवणारे. आधी सूट फुगवून तपासू, असं प्रशिक्षक म्हणाले, तर भाऊच मध्ये बोलले, "कशापायी? नवा हाय, पूजा झालीया, आन् म्याडमनी निवडलाय."

मला काय आनंद झाला! "राहू द्या हो, उशीर होतोय," मीही म्हटलं.

प्रशिक्षकांनी ऐकलं नाही. सूटमध्ये हवा भरली, वरून साबणाचं पाणी लावलं. छातीवर दोन जागी बुडबुडे यायला लागले. झेंडूचा पिवळा डाग अजून तिथेच होता, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आवो, देवाचंच केलंत न्हवं? वाईट नगा वाटून घिऊ," भाऊ म्हणाले आणि प्रशिक्षकांनी दिलेला सूट घालून आत गेले. ते आतला गळका व्हॉल्व्ह बंद करून बाहेर येईपर्यंत मी काचेपाशी उभी होते. उशीर होतोय, हे माझेच शब्द डोक्यातून जात नव्हते. त्यांना काही झालं असतं, तर त्यांच्या घरी जाऊन मी काय सांगणार होते?

आता तपासल्याशिवाय भाऊ सूटमध्ये पाय घालत नाहीत. बरोबरच आहे. हे मी शिकवायला हवं होतं.

परवा मी त्यांना रबरी हातमोजे दिले, टाकी धुवायचे, साधेच. त्यांनी एकात फुंकर मारली, मोज्याचं तोंड आवळून तो कानाशी नेला. मग मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळले. मोजा घाईघाईने हातात चढवत म्हणाले, "सवय लागलीया, म्याडम. तुमच्यावर इस्वास न्हाई असं न्हाई."

ओशाळले ते. आणि मला मान वर करवेना.