न मारलेल्या हाकेला ओ

झोपेला मी कधी जुमानलं नाही. चाकणला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबून भाग काढायच्या मशीनवर होतो, अंगात रग होती. रात्रपाळी करून आलो, दिवसभर दापोडीहून पुनावळ्याला घरसामान हलवलं आणि रात्री परत कामावर गेलो. सकाळी माझ्या जागी येणारा माणूस आलाच नाही, म्हणून पहिल्या शिफ्टलाही मीच उभा राहिलो. वर सुपरवायझरला ऐटीत म्हणालो, "आपल्याला काही होत नाही, राव."

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा लोखंडी साचा खाली येतो, म्हणजे हात आत राहायला नको. आम्ही दीडशहाणे. डाव्या बटणात रबराचा तुकडा कोंबायचो, की डावा हात पत्रा सरकवायला मोकळा. काम झपाझप व्हायचं.

शेजारच्या प्रेसवर तिथल्याच गावातले एक काका होते. थोड्या थोड्या वेळाने ते ओरडायचे, "जागा हायस का रं?" आपण "हाय" म्हणायचं. मला त्याचं हसू यायचं.

त्या सकाळी मी पत्रा ठेवत होतो, बटण दाबत होतो, पत्रा ठेवत होतो. एकाएकी मशीन बंद पडलं. काका माझी प्रेस थांबवायच्या लाल बटणावर पंजा दाबून उभे होते.

"हात काढ."

साच्याखाली एक हात पडलेला दिसला. मळका, अगदी शांत. मी विचारलं, "कुणाचा?"

त्यांनी मनगट धरून तो बाहेर ओढला, तेव्हा माझा खांदा हलला. उजवा हात दुसऱ्या बटणावर पोचलेलाच होता.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"मी हाक मारलीच न्हाई," ते म्हणाले, "आन् तू हाय म्हनलास."

अंगावर काटा आला. आजही येतो. डोळे उघडे होते, हात चालत होते, तोंड बोलत होतं, आणि मी तिथे नव्हतोच. माझ्यावाचून माझं शरीर पाळी करत होतं! आणि एवढ्या खडखडाटात एक जादा शब्द त्या माणसाने हेरला. याहून मोठं नवल मी पाहिलेलं नाही.

सुपरवायझरने मला घरी पाठवलं. काकांनी कंपनीच्या बसमध्ये नेऊन बसवलं आणि ड्रायव्हरला बजावलं, "ह्याला पुनावळ्याला उठवून उतरव." तोवर माझं डावं मनगट त्यांच्याच हातात होतं. बस सुटल्यावर ते मी माझ्या उजव्या हातात घट्ट धरलं आणि हमसून हमसून रडलो.