पाण्यावर थांबलेलं गाणं

सुकवाराबाई आज सकाळी गेली.

तिच्या नातवाचा मेसेज आला. "आजी गेली." बस.

जिने आमचं अख्खं गाव बुडताना वाचवलं, तिला साधा ताप झेपला नाही.

हसू नका. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि मला खरंच वाटलं होतं की आज आपण सारे मरणार.

केशोरीजवळचं आमचं गाव. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही गोंड. धान खळ्यात आलं की सुकवाराबाईचा बाप बाना घेऊन यायचा. बाना म्हणजे त्याचं तारांचं वाद्य. आमच्या कुळांची गाणी गाणारा प्रधान तो. आम्ही प्रधानबाबा म्हणायचो.

बाबा जगाचा इतिहास गायचा. पुरा!

आधी नुसतं पाणी. मग पाण्यातून माती. मग देव, विस्तव, कुळं, कोण कोणत्या डोंगरावरून उतरलं ते. शेवटी आमचा आजा, आमचा बाप, आणि समोरची धानाची रास.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवला, पोरांकडून सनावळ्या घोकून घेतल्या. पण जग कुठून सुरू झालं म्हटलं की मला अजून आधी पाणीच दिसतं.

गाण्याचा नियम एकच. मध्ये दम घ्या, बिडी ओढा, काहीही करा. पण पाण्यावर थांबायचं नाही. तिथे थांबलं तर जग तिथेच राहतं.

त्या दुपारी बाबा पाण्यावर थांबला.

हातातून बाना सुटला. तोंड वाकडं झालं. बाबा आडवा.

आज आपण पॅरालिसिस म्हणू आणि गाडी काढू. तेव्हा कोणाला काय कळतंय!

आणि नेमकं आभाळ भरून आलं.

"काऊन थांबला बे?" माझा मोठा काका ओरडला. "पाण्यावर काऊन थांबला?"

"गा, बुढ्या! पुरं कर! रास उघडी पडून हाये!" मागून आणखी कोणीतरी.

बाबाच्या तोंडून नुसतं आ... आ...

"धान भिजलं तं याले सोडाचं नाही," म्हणत काकाने काठी उचलली.

मी आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं. पायाखालची जमीन ओली लागत होती, शप्पथ.

तेव्हा सुकवाराबाई उठली. चौदा-पंधराची पोर. तिने बाना उचलला.

पोरी बान्याला हात लावत नसत. पण अडवायचं कोणी? साऱ्यांचे डोळे आभाळाला लागलेले.

आणि पंचाईत अशी, की तिला पुढचं येतच नव्हतं! गाणं संपत आलं की ती धान मागायला पुढे यायची, म्हणून तिला फक्त शेवट पाठ.

मग तिने शेवटापासूनच सुरू केलं. उलटं.

ही रास. हे खळं. माझ्या बापाचं नाव, आजाचं, त्याच्या बापाचं. गाव कोणी वसवलं. त्याआधी कोणता डोंगर. आवाज फाटत होता. डोळे काकाच्या काठीवर. मागे, मागे, अजून मागे. नावं संपली तशी ती जिवाच्या आकांताने ओरडली,

"माती!"

काकाने काठी खाली टाकली.

पाऊस आलाच. अर्धी रास भिजली. पण गाणं जमिनीला लागलं होतं, म्हणून बाबाला कोणी बोट लावलं नाही. बैलगाडीत घालून त्याला घरी पोचवलं.

मागच्या वर्षी ती कुडव्याला माझ्या घरी आली होती. चहा देताना मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी पाण्यापासून तू आमाले वाचवलं."

ती बशीतला चहा फुंकत राहिली. मग म्हणाली,

"मले पाण्याचं भेव नव्हतं वं."

"मंग?"

"तुमचं होतं. माहा बाप भुईवर पडून होता, अन् तुमी सारे आभाळाकडे पाहून राहिले होते. कोणी घोटभर पाणी नाही पाजलं त्याले."

तिने बशी ठेवली आणि अजून थोडा चहा मागितला.

बाई, आता कोणाचं भेव नको धरू. सुखानं जा.

तुला माझी मनापासून श्रद्धांजली.