त्रेसष्टावी फाइल

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये ताई माझ्या आधीपासून आहे. कितीही उकडो, तिच्या बाह्या मनगटापर्यंत. विचारलं की म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची!" आणि हसायची. मीही हसायचे.

फायलींचे गठ्ठे आम्ही दोरीने करकचून बांधतो. दोन वर्षांपासून ताईच्या गठ्ठ्यांना सरगाठ दिसायला लागली, ओढली की सुटणारी. सकाळी आली की दुसऱ्याने बांधलेला गठ्ठा माझ्याकडे सरकवायची. "एवढी गाठ सोड गं, तुझी नखं चांगली आहेत." मला तो कामचुकारपणा वाटे, आणि मी तसं तोंडावर बोललेही.

मग त्वचेच्या डॉक्टरबाईंनी एक काम काढलं. दोन वर्षांत सोरायसिसचे किती रुग्ण आले आणि त्यांना आणखी काय काय आहे, ते मोजायचं होतं. रजिस्टरात निघाले त्रेसष्ट नंबर, रॅकवर सापडल्या बासष्ट फायली. आमच्या रजिस्टरात नावं नसतात, नाव फायलीवरच. फाइल हरवली तर मेमो मिळतो. दोन दिवस आम्ही धूळ खात शोधलं. ताईही शोधत होती, पण खांद्यावरची पिशवी काही उतरवत नव्हती. चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, तीही मेमोलाच घाबरली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आहेत तेवढ्याच फायली घेऊन बसल्या. त्या सांगत आणि मी रकान्यांत खुणा करी: सांधे, साखर, रक्तदाब, मन. सांध्यांच्या रकान्यात सतरा खुणा झाल्या.

"चामडीचा रोग सांध्यात कसा शिरतो हो?" मी विचारलं.

"तो नुसता चामडीचा नसतोच. आतून सूज असते. कुणाचे सांधे धरतात, कुणाला साखर, कुणाला दाब, कुणी मनाने खचतं. सकाळी बोटं आखडत असतील तर लगेच यावं. वेळेत औषध मिळालं तर बोटं वाचतात."

"आणि उशीर झाला तर?" ताईने विचारलं.

"तर वाकडी राहतात."

ताईने पिशवी टेबलावर ठेवली. चेन ओढायला गेली, पण बोटांना ती धरता येईना. "उघड गं," ती मला म्हणाली. आत डब्याखाली फाइल होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी भडकले, "ताई, दोन दिवस आम्हाला नाचवलंस?" मग वरचं नाव वाचलं. तिचंच होतं.

डॉक्टरबाईंनी तिची बाही वर सारली. कोपरापर्यंत लाल चट्टे, त्यांवर पांढरे पापुद्रे. त्यांनी एकेक बोट सरळ करून पाहिलं. उजव्या हाताची करंगळी सरळ होईना.

"किती वेळ आखडतात?"

"सकाळी दीड तास. दोन वर्षं झाली."

"मी वरच्याच मजल्यावर बसते. एकदा येऊन गेलात, मग परत का नाही आलात?"

"फाइल शेवटी या खोलीतच येते ना, बाई. म्हणून पिशवीतच ठेवली, आणि परत आलेच नाही." बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी एक रुग्ण कागदांची नक्कल घ्यायला आला होता आणि त्या खुर्चीवर बसला होता. तो उठल्यावर पापुद्रे दिसले. मी फिनेल आणून खुर्ची तीनदा पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "असल्यांना आत कशाला घेतात? उद्या आपल्याला लागायचं!" ताई तेव्हा शेजारीच गठ्ठा बांधत होती.

"हा रोग लागत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते मला कळलं. मग ताईची करंगळी हातात धरून म्हणाल्या, "ही आता सरळ होईलसं वाटत नाही. बाकीची वाचवू. लिहा, अठरा."

मी घाईने पेन टेकवलं. खूण रकान्याबाहेर गेली.

"सावकाश कर गं," ताई म्हणाली.